आख्खं इंजिन

खोली भाड्याने देताना घरमालक काय काय विचारतात, याची मी पुरेपूर तयारी करून गेलो होतो. लग्न अजून व्हायचंय, घरात अंडंसुद्धा आणणार नाही, मित्र आले तरी दिवेलागणीच्या आत जातील, वगैरे. सिल्वासात तेव्हा कारखाने भराभर उभे राहत होते आणि नाशिक-पुण्याकडून आलेल्या माझ्यासारख्या सड्याफटिंग इंजिनियरांना खोली शोधताना नाकी नऊ येत. टोकरखाड्यातल्या त्या बैठ्या घराचं दार एका ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, पन्नाशीच्या बाईंनी उघडलं. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पावडरीने माखलेले होते. मी माझं नाव सांगितलं, कुठे नोकरीला आहे ते सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या कंपनीत पत्रा वाकवायचं मशीन आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

"मग सामान कधी आणतोस?"

अशी मला ती मागची खोली मिळाली. अंड्यांची माझी तयारी वायाच गेली.

सगळी कॉलनी त्यांना 'इंजिनवाल्या काकू' म्हणायची. गुजराती शेजारणी 'एन्जिनवाळां बेन' म्हणत, आणि तेही तोंडावर. काकूंना ते मनापासून आवडायचं. त्यांच्या घरात माणसं बसतात ती बाहेरची खोली, जेवतात ते स्वयंपाकघर, आणि मधली खोली इंजिनाची. मधल्या खोलीत एक भलंमोठं टेबल होतं आणि त्या टेबलावर, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, लोखंडी पट्ट्यांची एक लांबलचक चौकट होती. मला ती एखाद्या शोकेसची वाटली. तसं मी म्हणालोही. काकूंनी चहा पुढे केला होता, तो कप त्यांनी परत आपल्याकडे ओढला.

"डिझेल इंजिन आहे ते," त्या म्हणाल्या. "त्याचा सांगाडा. शोकेस म्हणे!"

चहा मला नंतर मिळाला, पण जरा निवलेला.

काकू लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं मुंबईला रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. हे काम आता कोणाला सांगून कळायचं नाही. साहेब लोक पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचे. ते ड्रॉइंग खाली ठेवून वर निळसर, आरपार दिसणारं एक खळ दिलेलं कापड ताणून बसवायचं आणि प्रत्येक रेघ त्यावर शाईने उतरवायची. मग त्या कापडावरून वाटेल तेवढ्या निळ्या प्रती निघत. कापडाला तेलकटपणा असायचा, म्हणून शाई धरावी यासाठी त्यावर आधी पावडर चोळत. ती सवय काकूंच्या हाताला अशी लागली होती की कुठलंही काम सुरू करताना त्या आधी पावडरीचा डबा शोधायच्या. टेबल पुसलं की पावडर, पत्र लिहायला कागद घेतला की पावडर. एकदा पोळपाटावर त्यांनी पिठाऐवजी तीच चोळली आणि आम्हाला दिवसभर पोळ्यांना चमेलीचा वास आला.

त्यांचं अक्षर म्हणजे छापील बघावं. वाण्याच्या यादीवर 'तूरडाळ' आणि 'हिंग' अशा तिरक्या, एका उंचीच्या अक्षरांत असायचं की वाणी ती यादी फेकून द्यायला कचरायचा. त्यांच्या यजमानांकडे, म्हणजे काकांकडे, असत तसे रुमाल तर मी आजवर दुसरीकडे पाहिले नाहीत. ड्रॉइंग ऑफिसात खराब झालेलं ट्रेसिंगचं कापड बायका घरी आणत, उकळत्या पाण्यात घालून त्याची खळ काढून टाकत, आणि आत अगदी मलमलीसारखं मऊ कापड निघे. काकूंनी त्याचे रुमाल शिवले होते. धुवूनही एखादी शाईची रेघ जात नसे. काकांनी घाम पुसायला रुमाल काढला की कोपऱ्यात अर्धा नटबोल्ट दिसायचा.

काका खडोलीच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. देहाने आडवे, बोलायला कमी आणि स्वभावाने इतके भिडस्त की बसमध्ये कंडक्टरने सुटे दिले नाहीत तर उतरताना तेच 'सॉरी' म्हणत. त्यांना सिल्वासात नोकरी लागली म्हणून काकूंनी मुंबईची नोकरी सोडली. ही गोष्ट त्या दोघांत कधी भांडणात निघाली असेल तर मला माहीत नाही. मी ऐकली ती काकांकडूनच, आणि तीही त्यांनी माफी मागितल्याच्या सुरात सांगितली.

"आणि आणली कुठे बघ तिला," ते म्हणाले. "जिथे रेल्वेच नाही."

ते खरंच होतं. सिल्वासाला आजही रेल्वे नाही. गाडी पकडायची तर वापीला जायचं. अशा गावात एक बाई मधल्या खोलीत रेल्वेचं इंजिन बांधते, याची चेष्टा झाली नसती तरच नवल. मीही करायचो. "काकू, हे वापीपर्यंत कोणत्या बसने न्यायचं?" असं मी हमखास विचारायचो. किंवा, "पोटात ट्रकची बॅटरी आणि म्हणे डिझेल!"

त्यावर त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या. "इंजिनियर आहेस ना? खऱ्या डिझेलमध्ये तरी काय असतं? डिझेल जाळून वीज करतात आणि चाकं फिरवते ती मोटरच. मी डिझेल जाळत नाही एवढाच फरक. धूर हवा असेल तर उदबत्ती लावते."

इंजिनच का, असं मी त्यांना एकदा सरळ विचारलं. तेव्हा त्या वळणदार रेघा काढायचा एक जुना लाकडी फ्रेंच कर्व्ह पुसत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं.

"मी त्या इंजिनाची किती ड्रॉइंगं उतरवली असतील रे. पण कधी दार, कधी दाराची कडी, कधी पायरी, कधी नुसती खिडकीची चौकट. आमच्या टेबलावर तुकडे यायचे. आख्ख्या इंजिनाचं ड्रॉइंग साहेबांच्या खोलीत. एकदा म्हटलं साहेबांना, मला आख्खं द्या ना करायला. ते म्हणाले, बाई, तुमची रेघ चांगली आहे, तुम्ही बारीक कामच करा." मग फ्रेंच कर्व्ह खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मला एकदा आख्खं बघायचंय. मी केलेलं. बस."

एका फुटाला एक इंच, असं त्यांचं प्रमाण ठरलेलं होतं. म्हणजे इंजिन पावणेपाच फुटांच्या आसपास भरणार होतं. वर माणूस बसलेली ढकलगाडी ओढून दाखवील असं ताकदवान. नुसतं शोभेचं असेल तर ते इंजिन नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. याआधी त्यांनी आयुष्यात लोखंडाचा खिळाही ठोकला नव्हता. कात्रीने पत्रा कापायला त्या शिकल्या, भोकं पाडायला शिकल्या, रिबिटा ठोकायला शिकल्या. बोटांना पट्ट्या बांधलेल्या असत आणि त्यावरून पावडर.

त्यांचं एक वाक्य होतं. "चुकलं तर खरवडायचं, पण कापडाला भोक पाडायचं नाही." ट्रेसिंगच्या कापडावर शाईची रेघ चुकली तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडून काढत, त्यावरून ते आलेलं. काकूंनी ते सगळ्या जगाला लावलं होतं. मी एकदा कंपनीत मॅनेजरशी भांडून राजीनामा द्यायला निघालो होतो, तेव्हाही त्यांनी मला हेच सांगितलं. मी राजीनामा दिला नाही. मॅनेजरला मात्र पुढे बरंच खरवडलं.

वापीची फेरी मला विसरता येत नाही. काकूंच्या डोक्यात इंजिनाची मापं पक्की होती, पण दोन तुकड्यांच्या मधे काय असतं ते त्यांना माहीत नव्हतं. तुकडे उतरवणाऱ्याला सांधे कळत नाहीत. म्हणून खरं इंजिन बघायला जायचं ठरलं. वापीच्या मार्गावर तोवर वरून विजेच्या तारा गेलेल्या होत्या, डिझेल क्वचित यायचं. तीन-चार रविवार आम्ही तिघं बसने गेलो आणि विजेची इंजिनं बघून, वडे खाऊन परत आलो. मग एका रविवारी मालगाडीचं एक डिझेल बाजूच्या रुळावर उभं असलेलं सापडलं. विटकरी रंगाचं, मधे दुधी पट्टा, धुळीने माखलेलं. काकू पळतच गेल्या. काका त्याच्या सावलीत डबा उघडून बसले. मला टेपचं टोक धरायला सांगून काकू मापं घेऊ लागल्या.

पाच मिनिटांत रेल्वे पोलीस हजर.

"मॅडम, ये क्या नाप रही हो?"

काका घास तोंडात ठेवून उठले. "साहेब, ये हमारी मिसेस है. इनको इंजिन का शौक है."

"शौक?" त्याने काकूंच्या नऊवार नव्हे पण चांगल्या कडक इस्त्रीच्या साडीकडे आणि हातातल्या टेपकडे पाहिलं. "इंजिन का?"

आता हा आम्हाला आत टाकतो की काय, असं मला वाटलं. तेवढ्यात वरच्या खिडकीतून ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. बराच वेळ तो वरून ऐकत असावा.

"नापने दो, भाई," तो म्हणाला. "कोई तो देख रहा है इसको." आणि काकूंना म्हणाला, "ऊपर आइए, मॅडम. अंदर से भी नापिए."

काकू पायऱ्यांशी थबकल्या. त्या पायऱ्या त्यांनीच कधीतरी कापडावर उतरवलेल्या होत्या, हे मला माहीत होतं. इतकी वर्षं रेल्वेत काढूनही त्या कधी इंजिनात चढल्या नव्हत्या. त्या वर गेल्या, आत दहा-पंधरा मिनिटं होत्या. परतीच्या बसमध्ये अर्धा रस्ता मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "ते मोठं हँडल मी उतरवलं होतं. हाताला गार लागतं." बस. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की पुढचा महिनाभर मी बसची चेष्टा केली नाही.

इंजिन उभं राहू लागलं. मोटारी म्हणून जुन्या गाड्यांच्या वायपरच्या चार मोटारी काकांनी भंगारातून रीतसर मिळवल्या. चाकं खडोलीतल्या एका धुळ्याकडच्या टर्नरने लेथवर कातून दिली. हा टर्नर तोंडाने फटकळ होता, पण काकूंच्या हातचा तिखट खिचडा मिळतो म्हटल्यावर सुट्टीच्या दिवशी सायकल मारत यायचा. राहिलं होतं ते वरचं लांब खोकं, ज्याच्या आत खऱ्या इंजिनात यंत्रं असतात. त्याच्या एका बाजूला ओळीने दारं असतात आणि दुसऱ्या बाजूला जास्त करून हवेच्या जाळ्या. काकूंनी त्याची ड्रॉइंगं काढली. काय ड्रॉइंगं होती! मी ती आमच्या कंपनीतल्या पोरांना दाखवायला नेली होती. मी आणि टर्नरने त्यावरून पत्रे कापले, कडा वाकवल्या, काकूंनी एकेक रिबिट आपल्या हाताने बसवली. त्यात एक पावसाळा आणि वर हिवाळा गेला.

खोकं टेबलावर चढवलं त्या दुपारी सगळ्यांना चहा होता. काका कप घेऊन इंजिनासमोर उभे राहिले. त्यांनी कौतुकाने मान हलवली, मग ती हलवायची थांबवून ते इंजिनाकडे पाठ करून उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "वापीला मी डबा खायला बसलो होतो ना, तेव्हा केबिन माझ्या डाव्या हाताला होती. आणि पाठीशी सगळी दारं. एक कडी टोचत होती मला. इथे केबिन डाव्या हाताला आहे, पण दारं तर पलीकडे गेलीत."

टर्नरने कप खाली ठेवला.

घोटाळा काय होता ते मला त्याच क्षणी कळलं. ड्रॉइंग काढायच्या दोन पद्धती आहेत. एकीत वस्तूच्या उजव्या बाजूचं चित्र उजवीकडे काढतात, दुसरीत तेच डावीकडे काढतात. मूळ इंजिन अमेरिकेकडचं, त्यामुळे काकूंच्या हाताला पहिली पद्धत बसलेली. आम्ही कंपनीत रोज दुसरीवर काम करायचो. त्यांनी त्यांच्या पद्धतीने काढलं, आम्ही आमच्या पद्धतीने वाचलं. कोणालाच विचारावंसं वाटलं नाही, कारण प्रत्येकाला आपली पद्धत म्हणजे जगाची पद्धत वाटत होती. आख्खं खोकं आरशातल्यासारखं झालं होतं.

"मना काय दोस, काकू?" टर्नर म्हणाला. "कागदमा जे व्हतं तेच कापलं म्या."

"तुझा नाही रे दोष," काकू म्हणाल्या. त्या टेबलाभोवती फिरत होत्या. पत्र्याला नाक लागेल इतक्या जवळून एकेक दार बघत, बोटाने चाचपत. एका फेरीनंतर त्या थांबल्या. "प्रत्येक दार बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बाजू उलट्या आहेत."

पत्रे नुसते अदलाबदल करायची सोय नव्हती. कडा आतल्या अंगाला वाकवलेल्या होत्या, बाजू बदलली की त्या बाहेर आल्या असत्या. सगळं नव्याने करावं लागणार होतं. पण मला खरं कोडं पडलं होतं ते वेगळंच. माझ्या शर्टाचं एक बटण केसभर वर शिवलंय हे दारातून सांगणाऱ्या बाईंनी महिनोन्‌महिने त्या पत्र्यांवर काम केलं आणि त्यांना हे दिसलं नाही?

दुसऱ्या दिवशी पंपावर पाणी भरताना काकांनीच सांगितलं. रिकामी बादली हातात धरूनच ते बोलत होते.

"काचबिंदू आहे तिला. दोन्ही डोळ्यांत. वलसाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, कडेकडेने नजर जाते, शेवटी मधली राहते. गेलेली परत येत नाही. थेंब घालायचे आणि आहे ती टिकवायची. किती टिकेल ते देवालाच माहीत." मग त्यांनी तो रुमाल काढला. "तुकडे दिसतात तिला रे. जवळून तर अगदी स्वच्छ दिसतात. आख्खं दिसत नाही आता."

मला एकेक गोष्ट आठवत गेली. दाराच्या चौकटीला लागलेला खांदा, हात लागून सांडलेला पेला, मी शेजारी उभा असताना समोरच्याला मारलेली माझ्या नावाची हाक. मी ते सगळं विसरभोळेपणात जमा करून हसण्यावारी नेलं होतं. संध्याकाळी काकूंनी माझा चेहरा पाहिला, म्हणजे पाहिला तेवढा, आणि ओळखलं.

"सांगितलं वाटतं ह्यांनी. तोंड पाडू नकोस. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. पण नळीतलं चांगलं दिसतं."

काकांचं म्हणणं स्पष्ट होतं, आणि मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवताना ऐकलं. "राहू दे तसंच! लाव बॅटरी आणि चालव. कोणाला कळणार आहे? या गावात रेल्वे तरी आहे का? पुन्हा एक वर्ष घालवशील आणि तोवर..."

काकू बराच वेळ उलट्या दारांवर बोट फिरवत राहिल्या.

"ट्रेसरला काय सांगतात माहितीये?" त्या म्हणाल्या. "साहेबाची चूक दिसली तरी दुरुस्त करायची नाही. आहे तशी उतरवायची. तपासणारा वेगळा असतो. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शाईने पक्क्या केल्या. कळत असून केल्या. आता ही माझी आहे. ही मी तशीच ठेवणार नाही."

"आणि बघायचं राहून गेलं तर?" काकांनी विचारलं.

"तर राहील," काकू म्हणाल्या. आणि त्या पावडरीचा डबा शोधू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून काम नव्याने सुरू झालं. या वेळी मी पत्रा कापायच्या आधी पन्नासदा विचारायचो, "काकू, ही कोणती बाजू?" टर्नरने तर प्रत्येक पत्र्यावर खडूने 'वापीना डबानी बाजू' आणि 'दुसरी बाजू' असं लिहून ठेवलं होतं. काका ऑफिसातून आले की न सांगता बाह्या सरसावून कानस घ्यायचे. त्यांना जमत काही नव्हतं, पण घासायचे. काकूंच्या डोळ्यांत थेंब घालायचं कामही त्यांचंच. थेंब घातल्यावर थोडा वेळ डोळे मिटून बसायचं असे. तेवढ्या वेळातही त्यांची बोटं मांडीवर रिबिटांचं अंतर मोजत असायची. पुढच्या वर्षभरात नळी बारीक होत गेली. आधी त्यांना एका वेळी तीन दारं दिसायची, मग दोन, मग एक. त्या कुरकुरल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. कधीकधी चिडून हातोडी आपटायच्या, एकदा टर्नरला विनाकारण बोलल्या आणि नंतर त्याला दोन वेळचा खिचडा बांधून दिला. पण थांबल्या नाहीत.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी इंजिन चौघांनी उचलून बाहेर आणलं. घराच्या पुढच्या अंगणात, रस्त्याकडेच्या तारेच्या कुंपणाला धरून, लोखंडी पट्ट्यांचे रूळ घातले होते. आख्खी कॉलनी गोळा झाली होती. इंजिनामागे ढकलगाडी जोडली. मी काकूंचा हात धरून त्यांना तिच्याकडे नेऊ लागलो, तर त्यांनी हात सोडवला.

"मी नाही. हे बसतील."

"मी?" काका घाबरले. "अगं, माझ्या वजनाने ते..."

"तुमच्या वजनाने ओढलं तर कोणाच्याही वजनाने ओढेल. बसा." मग हळू आवाजात मला म्हणाल्या, "मी त्यावर बसले तर मला मागचं टोक तेवढं दिसेल. मला बघायचंय. चल."

त्या इंजिनाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि मागे मागे चालू लागल्या. मी त्यांचा दंड धरून बरोबर. मला आधी कळेना. मग कळलं. नळीतून जवळचं एकच दार दिसतं. जेवढं लांब जावं, तेवढं जास्त मावतं.

"अजून मागे," त्या म्हणाल्या. आम्ही फाटकातून बाहेर पडलो. "अजून." रस्ता आला. मी एका सायकलवाल्याला थांबवलं. लोकांना वाटलं बाईंना भोवळ येतेय, शेजारीण पाणी घेऊन धावली, तिला मी हातानेच परत पाठवलं. रस्त्यापलीकडे तेव्हा मोकळा प्लॉट होता, गुडघाभर गवत वाढलेलं. त्यात शिरलो. काकूंची चप्पल अडकली, ती त्यांनी तिथेच सोडली. "केबिन दिसते. अजून मागे. जाळी दिसते. अजून." काकांनी तिकडून ओरडून विचारलं, "चालवू का गं?" आणि त्यांनी इकडून ओरडून सांगितलं, "थांबा!"

आणखी थोडं मागे गेल्यावर त्या एकदम थांबल्या.

"बसलं," त्या म्हणाल्या. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळं बसलं."

त्यांनी हात वर केला. काकांनी बटण दाबण्याआधी काय करावं? त्या भिडस्त माणसाने सगळ्या कॉलनीसमोर तोंडाने जोरात भोंगा वाजवला. लोक हसले. इंजिन हललं, ढकलगाडीला हिसका बसला, काकांनी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरले, आणि ते चाललं. माणसाच्या सावकाश चालीने, जड आवाज करत, कुंपणाच्या कडेने चाललं. टर्नर शिट्ट्या मारत बरोबर पळत होता. काकूंची मान इंजिनाबरोबर हळूहळू वळत होती.

तिथून इंजिन हातभरसुद्धा दिसत नव्हतं. एक विटकरी ठोकळा आणि मधे दुधी रेघ. रिबिटा, कड्या, जाळ्या यातलं काहीही दिसत नव्हतं, मलासुद्धा नाही. ज्या दारांसाठी त्यांनी आपली उरलीसुरली नजर पुन्हा एक वर्ष घातली, ती दारं त्यांना तिथून दिसणं शक्यच नव्हतं.

"दारं बरोबर बाजूला आहेत ना?" काकूंनी नजर न काढता विचारलं.

"आहेत, काकू."

"नीट बघून सांग."

"नीट बघितलं. तुमच्या बाजूलाच आहेत. सगळी."

त्यांनी मान हलवली. रूळ संपले तिथे इंजिन थांबलं, काका उतरायला लागले. काकूंनी पदराने घाईघाईत डोळे पुसले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली, "अहो, उतरू नका! परत आणा!"